आतला पट्टा

मल्हारीतात्यांना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. शिरूर कासारला माझं गॅरेज आहे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी सावली बघतं, मग स्टूल ओढतं. तात्या ट्रकमधून उतरले की उभेच. एका हातात चहाची बशी, दुसरा हात बॉनेटवर, आणि इंजिन चालूच. "बंद करा हो, डिझेल जळतंय," म्हटलं की म्हणायचे, "जळू दी मिस्तरी. थांबलेल्या गाडीपाशी मला करमत न्हाई."

त्यांच्या घरात मेंढपाळी. लहानपणी कळपामागं चालून चालून पायांना जी सवय लागली, ती पुढं जुना डिझेल ट्रक घेतला तरी सुटली नाही. ऊसतोडीचा हंगाम आला की तालुक्यातली बिऱ्हाडं भरून ते कारखान्यांवर पोचवत. "बापानं मेंढरं हिंडवली, मी माणसं हिंडवतो," ते सांगायचे, "फरक लई न्हाई, माणसं जास्ती वरडत्यात."

ओरडण्यात पहिला नंबर टोळीच्या मुकादमाचा. त्याचा फोन आला की तात्यांचं उत्तर ठरलेलं, "ह्यो काय, निघालोच हाय!" एकदा चारही चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर उभी होती. तेव्हाही ते "निघालोच" म्हणाले. मी हसलो, तर माझ्यावरच डाफरले, "हसतो काय बे? मनानं निघालोच की."

त्या वर्षी दसरा उरकला आणि सकाळीच त्यांची गाडी दारात आली. इंजिनाच्या तोंडाशी ऑइल गळत होतं. बिऱ्हाडं भांडीकुंडी बांधून फाट्यावर येऊन बसली होती आणि त्यांत तात्यांची लेक कौसा, जावई आणि तिचं तान्हं पोर होतं.

"पुसून दी. जातो," तात्या म्हणाले.

"पुसून काय होणार? ऑइल पट्ट्यावर गेलं तर पट्टा सडतो. कधी बदललाय तो?"

"पोळ्यालाच की! नवाकोरा हाय. कावून खोलतो उगं?"

असं म्हणून त्यांनी वाकून पट्ट्यावर टिचकी मारून दाखवली. मला आधी हसू आलं, मग माझं हसू जागीच विरलं. ते दाखवत होते तो पंख्याचा पट्टा, बाहेरचा. या इंजिनात झाकणाच्या आत दुसरा असतो, दातांचा टायमिंग बेल्ट. सगळं इंजिन त्याच्या तालावर चालतं. आमच्याकडं दोघांनाही पट्टाच म्हणतात. तात्यांनी कुठंतरी वाटेत "पट्टा टाक" म्हटलं, समोरच्यानं दिसला तो टाकला. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

"आतबी हाय?" तात्यांनी विचारलं. इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस!

"आहे. खोलून बघू."

"आल्यावर बघू. आता न्हाई."

मी गाडीची चावी काढून खिशात टाकली. माझंही डोकं फिरलं होतं. "घाटात तो तुटला तर इंजिन जागेवर बंद पडेल. ब्रेक दगडासारखे घट्ट होतील, दाबले जाणार नाहीत. मागं कौसा बसणार आहे तुमची, तान्हं घेऊन. घ्या चावी आणि जा, हिंमत असेल तर."

त्यांनी चावी मागितली नाही. रस्त्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मी झाकण काढलं. पट्टा ऑइलनं भिजून फुगला होता, जागोजाग भेगा पडल्या होत्या. मी बोट लावलं तर त्याचा एक दात निघून हातात आला. तो मी तात्यांच्या तळहातावर ठेवला.

ते ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते एवढंच.

तेवढ्यात मुकादमाचा फोन वाजला. तात्या त्या रबराच्या दाताकडं बघत राहिले आणि म्हणाले, "न्हाई निघालो." पलीकडून आरडाओरडा झाला. "दुसरी गाडी बघायची तर बघा. माझी आज हलत न्हाई."

नवा पट्टा बीडहून येष्टीच्या कंडक्टरकडून मागवला. ऑइलची गळती बंद केली, आतल्या दातेरी चाकांवर चुन्यानं केलेल्या खुणा जुळवून पट्टा चढवला. स्टार्टर मारण्याआधी इंजिन हातानं फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, ते बघावं लागतं. मी पाना तात्यांच्या हातात दिला. "हळू. अडलं तर जोर लावायचा नाही." त्या माणसाला इतक्या सावकाश काही करताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या कपाळावरचा घाम नाकावर आला तरी त्यांनी पुसला नाही. खुणा जुळल्या. मुकादमाला दुसरी गाडी मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच तीच बिऱ्हाडं घेऊन तात्या गेले. जाताना इंजिन चालू ठेवूनच चहा प्यायले, हे सांगायला नको.

तेव्हापासून त्यांना एक नवीनच चाळा लागला. कुणी काही दुरुस्त केलं म्हणालं की विचारायचे, "आतनं का बाहेरनं?" गावच्या एका पुढाऱ्यानं सभेत "मी आता बदललोय" म्हटलं, तर हे गर्दीतून ओरडले, "आतनं का बाहेरनं?" सभा तिथंच आटोपली.

यंदा दिवाळीआधी तात्या गेल्याचं कळलं. निरोप देणारा म्हणाला, "बसल्या जागी गेले." मला रागच आला. म्हटलं, हा माणूस बसला कधी? मग ऑइलचा डबा आठवला आणि दिवसभर माझ्या हातून काम झालं नाही.

हंगामाला त्यांचा ट्रक आला. जावई चालवत होता, शेजारी कौसा. उतरल्या उतरल्या तिनं बॉनेटवर हात ठेवला, थेट बापासारखा. जावयाचा फोन वाजला. "ह्यो काय, निघालोच—" त्यानं सुरुवात केली, तेवढ्यात कौसानं फोन ओढून घेतला.

"न्हाई निघालो," ती मुकादमाला म्हणाली. "पट्टा बघायचाय. आतला."