सोनूबाईनं ओवाळलं नाही

धावडा गावाजवळच्या वस्तीवर, मेंढरं राखणाऱ्या घरात सोनूबाई जन्मली. आज ती गावातल्या शाळेत खिचडी शिजवते. स्वतः मात्र ती त्याच शाळेत दुसरीच्या पुढे शिकली नाही.

ती दुसरीत असताना सरकारी दवाखान्यातला भुजंगराव शाळेत लस टोचायला आला होता. पोरं पळू नयेत म्हणून मास्तरांनी दाराला बाहेरून कडी घातली. भुजंगरावाच्या गालात तंबाखू. एक पोर टोचलं की तो खिडकीतून पचकन थुंकायचा, मळक्या बोळ्यानं सुई पुसायचा आणि तीच पुढच्या दंडात खुपसायचा. सुया उकळायचा स्टोव्ह कोपऱ्यात थंड पडलेला. गावची पोरं आटोपल्यावर वस्तीवरच्यांना बोलावलं. सोनूचा दंड धरताना त्यानं नाक मुरडलं. "काय गं, मेंढरातच झोपती का? वास मारून राह्यलाय नुसता!"

दंड पिकला, पू झाला, तापानं पोर फणफणली. आई साखराबाईनं कडुलिंबाचा पाला बांधून कशीबशी वाचवली. पुढे शाळेचं नाव काढलं तरी सोनूला मळमळायचं. वस्तीवरच्या बायाही धसकल्या. टोचायची गाडी दिसली की पोरांना रानात पिटाळायच्या. मग गोवराची साथ आली आणि सोनूचा धाकटा भाऊ सांडू त्यात गेला.

यंदा शाळेत लसीकरणाचा कार्यक्रम ठरला. पाहुणे कोण, तर पेन्शनीत निघालेले भुजंगराव. हेडबाई वंदनाताई म्हणाल्या, "सोनूबाई, तुम्ही जुन्या. तुम्हीच ओवाळा."

ताट घेऊन ती पुढे झाली, तेव्हा फेटा बांधून घेता घेता भुजंगराव आताच्या मास्तरांना सांगत होते, "लोक अडाणी हो! वस्तीवरचे तर जनावरासारखे पळायचे. तरी आम्ही हिंमत सोडली नाही."

त्यांचे काळपट दात पाहून सोनूबाईला किळस आली. तिनं ताट टेबलावर ठेवलं.

"पळायचे, बराबर हाये. तुमच्या घाणेरड्या सुईला भिऊन पळायचे. माझा भाऊ लशीबिगर राह्यला अन् गोवरानं मेला. अन् अडाणी आम्ही?"

भुजंगराव हसले. "बाई, तवा तसंच असायचं."

"न्हाई. स्टोव्ह व्हता, पाणी व्हतं. तुम्हाला उकळायचा कंटाळा व्हता. आमची लेकरं तुम्हाला माणसंच वाटली न्हाईत."

"सोनूबाई, पाहुणे आहेत ते!" वंदनाताई कुजबुजल्या.

ती नातीला, शालूला घेऊन सरळ शेजारच्या वर्गात गेली. तिथं भावना सिस्टरनं तिच्यासमोर नवं पाकीट फाडलं, नवी सुई काढली, टोचली, लगेच डब्यात टाकली.

"दुखलं का गं?" सोनूबाईनं विचारलं.

"थोडंसंच."

सोनूबाईला बरं वाटायला हवं होतं. उलट किळस आणखीच दाटून आली. एवढंसंच तर करायचं होतं त्या माणसाला.

पलीकडे टाळ्या वाजल्या. तिच्याऐवजी सोबत खिचडी शिजवणाऱ्या उषाबाईनं ओवाळलं असावं. सोनूबाई त्या दिवशी पाहुण्यांच्या पंगतीत वाढायला गेली नाही.