सासूबाईंची हाक आणि शेवटची म्हैस

"सोड की कासरा! सोड म्हणते न्हवं! म्हैस माझी हाय, तुझ्या बापाची न्हाय!"

गल्लीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून सासूबाई ओरडत होत्या, आणि दुसऱ्या टोकाला म्हशीचा कासरा धरून आमचे हे घाम पुसत उभे होते. ह्यांचा बाप म्हणजे सासूबाईंचेच कैलासवासी मालक, पण संतापल्यावर त्या असलं नातं बघत नसत. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल आणि मागं चौखूर उधळलेली म्हैस. आमच्याकडं मोटारसायकल नव्हती, सासूबाई होत्या. "हाऽऽ ये गं बायेऽऽ" अशी एक हाक त्यांनी टाकली की शाहूपुरीतल्या दुकानांची शटरं थरथरायची, कुरुंदवाडची कुत्री उठून बसायची आणि आमची म्हैस साऱ्या मोटारसायकली मागं टाकून त्यांच्या पदरात तोंड घालायची. एका पाडव्याला तर तीन म्हशी आल्या. त्यातल्या दोन दुसऱ्यांच्या होत्या. थाप वाटत असेल तर वाटू दे. त्या दोघींना परत हाकलायला मीच गेले होते.

त्या मुरगूडहून नांदायला आल्या तेव्हा परकरात होत्या, असं त्याच सांगायच्या. पदरात चार पोरं आणि गोठ्यात दोन म्हशी टाकून नवरा गेला. बाईनं रडायला वेळ काढला नाही, दोनाच्या सहा केल्या. रोज संध्याकाळी म्हशी चौकात न्यायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा. समोर तालमीतला पैलवान असो की काळ्या कोटातला वकील, पेला रिकामा होईस्तोवर बोलायची परवानगी नव्हती. पोरांची शिक्षणं, लेकींची लग्नं, माझी बाळंतपणं, सगळं त्या म्हशींच्या कासेतून निघालं. पुढं घरोघर पिशवीतलं दूध आलं. सासूबाईंनी ती पिशवी उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली आणि विचारलं, "हिच्या म्हशीचं तोंड कुणी बघितलंय?"

पोरं नोकरीला लागली, तसा गोठा रिकामा होत गेला. सासूबाई ऐंशीच्या पुढं गेल्या तेव्हा एकच म्हैस उरली होती. तिला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पहाटे त्या गोठ्यात जाऊन बोलायला लागल्या की म्हैस पान्हा सोडायची.

एका सकाळी त्यांना झटका आला. अर्धं अंग गेलं आणि आवाज गेला. अंग थोडंफार परत आलं. आवाज आला नाही. तोंड उघडलं की नुसता वारा यायचा.

इकडं म्हशीनं पान्हा चोरला. वैरण खायची, रवंथ करायची, पण कासेला हात लावला की लाथ. थोरल्या दिरांनी सोप्यात उभं राहून जाहीर केलं, "येत्या बाजारात काढायची. दूध देत न्हाय, नुसतं शेण देती." पलंगावर सासूबाईंनी ते ऐकलं आणि माझं मनगट असं आवळलं की बांगडी पिचली. म्हैस गेली की ह्या घरात आपलं म्हणून काही उरत नाही, हे त्यांच्या डोळ्यांत मला स्वच्छ दिसलं.

"मी काढतो धार," आमचे हे म्हणाले. खुंटीवरचं आईचं न धुतलेलं लुगडं ह्यांनी गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला, त्याचं टोक मिशीवर ओढलं आणि बसले म्हशीखाली. म्हशीनं मान वळवून वरपासून खालपर्यंत बघितलं. मग अशी लाथ घातली की भिंत आडवी आली नसती तर हे थेट पंचगंगेत पडले असते. गल्ली हसून लोळली. मीही हसले. आत आले तर सासूबाई उशीत तोंड लपवून रडत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून गोठ्यात नेलं. "आत्ती, नुस्ता हात लावा. ती वळखंल," मी म्हटलं. म्हशीनं त्यांच्या हाताचा वास घेतला. सासूबाईंनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या. नुसता वारा आला. म्हशीनं कान हलवले आणि वैरणीत तोंड घातलं. सासूबाईंचा हात कासेपर्यंत पोचला तशी ती बाजूला सरकली. लाथ मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं, निदान ओळखीनं मारली असं म्हणता आलं असतं.

मग त्यांनी बोटानं कासऱ्याची गाठ दाखवली आणि नंतर दार.

कुरुंदवाडकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन आला. जाताना म्हैस रडली, असं मी पाहुण्यांना सांगते. म्हैस रडली नाही. फळीवरून टपाटपा चढली आणि आत जाऊन उभी राहिली. खिडकीतून सासूबाई बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी दुधाला तोंड लावलं नाही, पुढं अन्नालाही. महिना पुरा व्हायच्या आत त्या गेल्या. तिरडी उचलली तेव्हा गल्लीच्या दोन्ही टोकांना माणूस मावत नव्हता, आणि एवढ्या माणसांत एकाचाही आवाज नव्हता.

सुतकात तो कुरुंदवाडचा शेतकरी भेटायला आला. टोपी काढून बसला, चहा घेतला. मला त्याच्याकडून एकच ऐकायचं होतं, की ती अजून कुणालाच धार काढू देत नाही. चार बायका बसल्या होत्या, तरी मी विचारलंच, "पावणं, म्हैस पान्हा सोडती का वो?"

त्यानं बशी खाली ठेवली.

"सोडती की. न सोडायला काय झालं?"