राजाला पाणी पाहिजे होतं

आज आमच्या बोडीवर, शेतातल्या तळ्यावर, जमिनीत भोक पाडायची मशीन आली अन् डिझेलचा वास थेट ओसरीत शिरला. मशीनीसोबतचे साहेब म्हणाले, "आजी, फक्त पाणी तपासून राहिलो." पण तेलाचा तो वास अन् 'पाणी' हा शब्द, मी लहानपणीच्या बोडीच्या पाळीवर, त्याच मातीच्या बांधावर जाऊन पोचली.

आजोबा पाळीवर माती चढवत होते. गावोगाव कापड विकणारे हाजीचाचा गाठोडं टेकवून बसले होते. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या जरा आधी ते हजला जाऊन आलेले, त्यांच्या अंगाला अत्तराचा वास यायचा.

"मक्केकडच्या राजाने गोऱ्यांना वाळवंटात पाणी शोधायला बोलावलं पाटील, अन् निघालं तेल! आता गोरे अरबी झगे घालून त्याच्यासोबत खजूर खातात."

आजोबांनी कुदळ थांबवली. "अन् पाणी?"

"पानी कौन पूछता है?"

"मंग ते कायले आले होते?"

चाचा हसले, मी पण हसली. म्हातारा भलताच संशयी, असं वाटलं मला.

आज साहेबांच्या गाडीत डोकावली, तर तपासायच्या पाण्याची एक बाटली नाही, नुसत्या जमिनीतून काढलेल्या, नंबर टाकलेल्या दगडांच्या थैल्या. मी खुर्ची उचलली अन् पाळीवर, मशीनीच्या समोर जाऊन बसली.

"तपासा," म्हटलं, "मी पाहून राहिली."