परीक्षेचा रुग्ण

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टर घडवायचे ठरले, तेव्हा निधीच्या अर्जाचा मजकूर मी लिहिला. मी निवृत्त मुख्याध्यापक आणि रुग्णालयाच्या समितीचा सदस्य. ‘येथील जनता या उपक्रमास मनःपूर्वक सहकार्य करील’, असे त्यात एक वाक्य होते. जनतेला मी विचारले नव्हते.

निधी एका वर्षाचा मिळाला. पुढचा निधी एका परीक्षेवर अवलंबून होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर प्रशिक्षणार्थी डॉक्टरने एक रुग्ण तपासायचा. प्रशिक्षणार्थी एकच होती, इथलीच, माझ्या शाळेत शिकलेली. स्थानिक डॉक्टर रुग्णाला अधिक चांगला ओळखतो, हे वाक्यही माझेच.

परीक्षेच्या सकाळी ठरवलेला रुग्ण आला नाही. बाहेर रांग होती; पण शिकाऊ डॉक्टरच्या हाती जायला कोणी तयार होईना. मी रांगेला उपक्रमाचे महत्त्व समजावू लागलो. एक शेतकरीण म्हणाली, “सर, कालेजात बेडूक कापतेत म्हने. इथं बेडूक नाई भेटले म्हून आमाले धरून राह्यले का?”

मागून कोणीतरी बोलला, “अन् सर सोता त बुलढान्याले जातेत दाखवाले.”

ते खरे होते. रांग हसली. मी वहाणा काढल्या आणि तपासणीच्या टेबलावर जाऊन बसलो.

प्रशिक्षणार्थीने तासभर प्रश्न विचारले. झोप, भूक, लघवी, वडील कशाने गेले. मग म्हणाली, “तंबाखू, सर?” ती जणू क्षमा मागत होती. दारात रांगेतली माणसे उभी होती. दरवर्षी प्रार्थनेनंतर तंबाखूविरुद्ध भाषण देणारा मनुष्य काय म्हणणार? मी “नाही” म्हणालो. तिने तसे लिहिले.

परीक्षकांनी कागद वाचला आणि माझ्या दातांकडे पाहिले.

“रुग्णाच्या शब्दावर इतका विश्वास? कशाच्या आधारावर?”

“ते आमचे हेडमास्तर होते,” ती म्हणाली.

परीक्षकांनी पेनाचे टोपण काढले. नापास करण्यापूर्वी मीही ते तसेच काढत असे.

“चूक तिची नाही,” मी म्हणालो. “मी खोटे बोललो. चाळीस वर्षे खातो.”

“आमाले मालूम होतं,” दारातून शेतकरीण बोलली. “पोरीनं आमाले इचारलं असतं त सांगतलं असतं.”

परीक्षक हसले नाहीत. “पुन्हा तपासा,” ते तिला म्हणाले. “हेडमास्तर बाहेर गेले आहेत असे समजा.”

तिने बॅटरी घेतली. “तोंड उघडा. जीभ वर. अजून.” डाव्या गालापाशी ती बराच वेळ थांबली. मग परीक्षकांना हलक्या आवाजात इंग्रजीत सांगितले: पांढरा चट्टा, त्याचा आकार, तुकडा काढून तपासणीस पाठवणे आवश्यक. इंग्रजी तिला मीच शिकवले होते. वाक्यरचना निर्दोष होती.

निधी पुढे चालू राहिला. प्रशिक्षणार्थीला अपरिचित रुग्ण द्यावेत, अशी सूचना अहवालात आहे. आमच्या तालुक्यात तसा रुग्ण कोठे मिळेल, याचा उल्लेख नाही.

सोमवारी तुकडा काढण्यासाठी मला अकोल्याला जायचे आहे. नव्या निधीतून दोन प्रशिक्षणार्थी येणार आहेत. निकाल काहीही लागो, हा गाल त्यांना शिकवण्यासाठी दाखवायचा आहे, असे तिने सांगितले. मी होकार दिला आहे.