टॅनर घराण्यातली शेवटची

ओडेला टॅनरबाईंनी जिवंतपणीच स्वतःच्या थडग्याचा दगड उभा करून घेतला, यात केंटकीच्या आमच्या डोंगरात कुणाला काही वावगं वाटलं नाही. इथे सगळेच करतात. नाव आणि जन्मसाल कोरून घ्यायचं, मृत्यूच्या सालाची जागा मोकळी सोडायची. बाईंनी मात्र खाली आणखी एक ओळ घालून घेतली : ‘टॅनर घराण्यातली शेवटची’.

टॅनर म्हणजे कातडी कमावणारा. बाईंचे खापरपणजोबा इथल्या ओढ्याकाठी ओकच्या सालीच्या पाण्यात कातडी भिजत घालायचे. दुर्गंधी अशी सुटायची, की लोक नाक दाबून त्या ओढ्याला टॅनरचा ओढा म्हणू लागले. पुढे वस्ती, चर्च, शाळा, सगळंच टॅनर झालं. त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात बाईंनी जन्मभर मक्याचा पाव भाजला आणि पोरांना दटावून दटावून खाऊ घातलं. लग्न केलं नाही. भाऊ गेला, त्याची एकुलती एक मुलगी लोरीन लग्न करून जेन्ट्री झाली आणि ओहायोला निघून गेली.

एक आशा होती. आईचं माहेरचं आडनाव मुलाला पहिलं नाव म्हणून द्यायची आमच्याकडे जुनी रीत. पण ते आपण होऊन मागायचं नसतं, मागण्यात कमीपणा. बाई गप्प राहिल्या. लोरीनला मुलगा झाला आणि सासरच्यांनी आजोबांचं नाव ठेवलं, व्हर्जिल. बाईंनी बाळाला रजई शिवून पाठवली, पोटभर रडून घेतलं आणि दगड कोरायला टाकला.

चार वर्षांनी मे महिन्यात, कबरी साफ करून फुलं वाहायच्या दिवशी, सगळं गणगोत टेकडीवर जमलं. गवतावर चादरी, त्यांवर तळलेली कोंबडी आणि बटाट्याचं सॅलड. लोरीन तान्ही मुलगी घेऊन आली.

“नाव काय ठेवलंस गं?” बाईंनी विचारलं.

“टॅनर.”

“मुलीचं?”

“मुलीचंच. व्हर्जिलच्या वेळी तू अवाक्षर काढलं नाहीस, आत्या. मला वाटलं, तुला नकोच असेल.”

“असलं काही मागायचं असतं का?”

“तू मागायचं नाहीस, मी विचारायला घाबरायचं. छान चाललंय आपलं.”

“पण आडनाव जेन्ट्रीच ना तिचं.”

“आडनावानं हाक कोण मारतं, शाळेतले मास्तर. मी रोज जेवायला बोलावणार ते टॅनर म्हणूनच.”

बाईंनी मुलीला मांडीवर घेतलं. तेवढ्यात लोरीनचा नवरा क्लाइड फुलं घेऊन नेमका त्या दगडासमोर गेला, खालची ओळ मोठ्यानं वाचू लागला आणि अर्ध्यावरच थांबला. सगळ्यांनी माना वळवल्या.

“क्लाइड, गाडीत छिन्नी आहे का रे?”

“आहे. पण आत्या, ओळ खरवडली तर दगड विद्रूप दिसेल. मी नवा आणून देतो.”

“दिसू दे विद्रूप. ही वाचायला शिकेल, तेव्हा तिथं खोटं लिहिलेलं नको.”