वरणाला नावं ठेवणं थांबलं तेव्हा

समुद्रपूरच्या बसस्टँडवर माझे डोळे भरून आले, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरगा व्हय ना तू? डोये पूस." आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा आवाजात. मी डोळे पुसले आणि कॉलेजसाठी पुण्याच्या वाटेला लागलो. त्याआधी ताई शिकायला वर्ध्याला, बोरगाव मेघेत खोली घेऊन राहायला निघाली होती, तेव्हा अर्धी गल्ली तिच्या गळ्यात पडून रडली. आणि वर्धा काय, सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं इतकं जवळ!

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपल्या घरांत माया तक्रारीतूनच चालते, हे तुम्हाला सांगायला नको. फोन लागला की मी सुरू. मेसचं वरण गोड, भाजीत तिखट नावालाच, पोह्यांवर तर्री नाही. आई तिकडून म्हणायची, "मंग कायले गेला तिकडं?" एवढ्यावर दोघांचं पोट भरायचं.

मग नोकरीसाठी नकारांवर नकार आले. सोबतची पोरं लागली, मी राहिलो. झोप उडाली. आपण नसलो तर घरच्यांचा घोर तरी मिटेल, असं मनात घर करून बसलं. रूममेटशी मी फक्त क्रिकेटवर बोलायचो आणि आईला सांगायचो, "जेवलो. मस्त होतं." आई खूश. "रुळला बाप्पा एकदाचा!"

ताईला मात्र ते खटकलं, कारण ती स्वतः त्यातून गेली होती. बोरगावला असताना तिने आईला रडत सांगितलं होतं, "मले जगावंसंच वाटून नाई राह्यलं." आई मिळेल त्या बसने गेली, तिला डॉक्टरकडे नेलं. ताई सावरली, पण गल्लीला विषय मिळाला: आता हिचं लग्न कसं होईन? मी ते सगळं ऐकलं होतं. पोरीची ही गत, तर पोराने तोंड उघडलं तर काय म्हणतील, या भीतीनेच मी गप्प होतो.

एका दुपारी ताईचा फोन आला. "काऊन रे, वरणाले नावं ठेवून नाई राह्यला तू?"

मी हसलो. ती हसली नाही. "खरं सांग, मरायचं येते काय मनात?"

इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. तिने फोन ठेवलाच नाही. रूममेटला फोन द्यायला लावून त्याला माझ्याजवळ बसवलं आणि दुसऱ्या फोनवरून बाबांना कळवलं.

दुकान बंद ठेवून बाबा पुण्याला आले. दवाखान्याच्या बाकावर, चार माणसांत मला रडू फुटलं. मी घाईघाईने डोळे पुसू लागलो, तसा त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा माझ्या हातात दिला. "राहू दे. घाई नाई."

औषधं आणि डॉक्टरांशी बोलणं चालू आहे. वाईट दिवस अजूनही येतात. नोकरी लागली, मी पुण्यातच आहे. गल्ली अजून कुजबुजते, ताईबद्दल जास्त आणि माझ्याबद्दल कमी, आणि याचा मला फार राग येतो.

घर म्हणजे आता माझ्यासाठी बाबांचा संध्याकाळचा फोन. जेवला का, असं ते विचारत नाहीत. "बोल, आज काय बिघडलं?" असं विचारतात. मग मी वरणापासून सुरू करतो. ज्या दिवशी मी "काही नाही, सगळं मस्त" म्हणतो, त्या दिवशी ते फोन ठेवत नाहीत.