पहिल्या वेच्याच्या वाती

मदुरैच्या देवळात पाय ठेवला आणि मला वाटलं, अशी शांतता आपण जन्मात अनुभवली नाही. गर्दी एवढी, पण आवाज कुणाचाच नाही. एक जण गाल फुगवून नादस्वर वाजवत होता आणि सूर मात्र पलीकडच्या गावातून आल्यासारखे येत होते. खांबांवरचे दगडी घोडे, सिंह, बायका, सगळे नुकतेच बोलायचे थांबल्यासारखे. वर छतावर रंगवलेली कमळं, आणि त्यांच्याखालून मी पाण्यातून चालल्यासारखा चाललो होतो. डोळे भरून आले. पन्नाशीत का होईना, आपल्याला अध्यात्म व्हायला लागलं म्हणायचं.

माझ्या दोन्ही कानांत कापूस होता. पहाटे गाडीत घातलेला, काढायचा राहून गेला होता.

बायको पुढे चालता चालता वळली. तिचे ओठ हलले. मी भाविकपणे मान डोलावली. ओठ पुन्हा हलले. या वेळी जरा जोरात असावेत, कारण शेजारच्या दोघी वळून पाहायला लागल्या. मग ती जवळ आली, माझ्या कानाकडे निरखून पाहिलं आणि दोन बोटांनी आतलं बाहेर ओढलं. घंटा, नादस्वर, पोरांचं रडणं, सगळं मदुरै एकदम डोक्यात शिरलं.

"अवो, ही तं वात हाये!" ती म्हणाली.

वातच होती. इथं थोडं मागचं सांगावं लागतं. गेल्या मृगात मी टीव्हीची छत्री नीट करायला टिनावर चढलो आणि टिनासकट खाली आलो. पाय प्लास्टरमध्ये. उमरखेडजवळच्या आमच्या वावरात पेरणी, निंदण, डवरणी, सगळं तिनं एकटीनं केलं. मी खाटेवरून सल्ले दिले. तिनं ते ऐकले नाहीत, त्यामुळे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, चांगली आली. वेचणी सुरू करताना आमच्याकडे वावरात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात तिला. त्या दिवशीच्या कापसातली सरकी तिनं हातानं काढली आणि वाती वळल्या. "ह्या त्या पोपटवाल्या देवीपुढं लावीन," म्हणाली. मदुरैची ही देवी तिनं कॅलेंडरवर पाहिलेली. नवसाबिवसाची बाई नाही ती. पण आयुष्यात पहिल्यांदा एक पीक तिनं स्वतः काढलं होतं आणि ते कुणाला तरी दाखवायचं होतं. मला दाखवून काय उपयोग?

तर त्या पहाटे गाडीच्या खिडकीतून गार वारा येत होता, कान ठणकत होते, मी अर्धवट झोपेत पिशवीत हात घातला. कास्तकाराच्या हाताला कापूस ओळखायला उजेड लागत नाही. तो कशासाठी ठेवलाय हे ओळखायला लागतो.

"बाकीच्या कुठी हायेत?" तिनं विचारलं.

"पुडी खिडकीपाशी ठेवलती. तिथंच राह्यली वाटते."

ती देवळातल्या तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. पाण्यात सोन्याचा कळस हलत होता, तुटत होता, पुन्हा जुळत होता. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी दुसरा कान मोकळा केला, ती वातही तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "अवं, इथं तयार दिवे भेटते. वात असतेच त्यात."

"असते. पण त्यातला कापूस कोणाचा?"



शेजारी एक म्हातारी बाई पणती घेऊन बसली होती. तिनं वातींकडे बोट करून तमिळमध्ये काहीतरी विचारलं. बायकोनं वऱ्हाडीत उत्तर दिलं, "आमच्या वावरातला हाये. म्या पेरला." मग पायरीवरच ओणवी होऊन तिनं बी बोटानं मातीत कसं टोबलं ते दाखवलं, निंदलं कसं ते दाखवलं, पाचही बोटं मिटून बोंडातून कापूस ओढून दाखवला. म्हातारीचे डोळे तिच्या हातांबरोबर त्या वावरातून फिरत होते. शेवटी तिनं एक वात उचलली आणि भक्तिभावानं दोन्ही डोळ्यांना लावली. ती कुठून निघाली हे तिला सांगायची मला हिंमत झाली नाही.

बायकोला मात्र हसू फुटलं. तिनं दोन्ही वाती उकलल्या, वरवरचा कापूस काढून टाकला आणि आतला पांढराशुभ्र तळहातावर घेऊन एकच वात वळली. म्हातारीनं आपल्या पणतीत आपली वात सरकवून जागा केली. दिवे लावायच्या जागी दोघींनी मिळून ती पणती ठेवली. दोन ज्योती शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. बायको त्यातल्या डावीकडच्या, आपल्या ज्योतीकडेच पाहत होती, तेल निम्म्यावर येईपर्यंत. मी घाई केली नाही.

बाहेर आल्यावर ती चपला घालता घालता म्हणाली, "माह्यावाला दिवा लागला. तुमचावाला राह्यला. यंदा टोबणीले चला माह्यासंग, मंग पाहू."